उताणं, पालथं की कुशीवर?

पूर्ण दिवसांचं बाळ दुपट्यातून मोकळं केलं, तरी ते हातपाय पोटाशी घेऊनच पडून राहतं. त्याचा पाय हलकेच सरळ करून सोडला, तर तो पुन्हा गुडघ्यात दुमडतो. आता सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ पाहा. त्याला उताणं ठेवलं की हात दोन बाजूंना पडतात, मांड्या बाहेर कलून गादीला टेकतात. ट्रेमध्ये टाचण्यांनी टाचलेल्या बेडकाचं चित्र जीवशास्त्राच्या शिक्षकांना आठवेल. डॉक्टरही या ठेवणीला बेडकाचंच नाव देतात.

हा फरक का पडतो? गर्भाशयात सुरुवातीला बाळ पाण्यात तरंगत असतं. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जागा अपुरी पडू लागते. पाय ताणला की तो भिंतीला लागतो आणि परत दुमडतो. याच काळात मज्जासंस्था पक्व होत असते आणि स्नायूंना ताण येत असतो. हा ताण पायांकडून डोक्याकडे चढत जातो. 28 आठवड्यांचं बाळ जवळजवळ लुळं असतं. साधारण 32 आठवड्यांना पाय दुमडू लागतात, 36 च्या सुमारास हातही. पॅरिसमध्ये आंद्रे-तोमा आणि सुझान सेंत-आन दार्गासी यांनी नवजात बाळांच्या बारकाईने केलेल्या तपासण्यांतून हा क्रम मांडला. पुढे 1970 मध्ये लिली आणि व्हिक्टर डुबोविट्झ या दांपत्याने बाळाचं गर्भवय ठरवण्यासाठी गुणांची एक पद्धत तयार केली. तिच्यात बाळ कसं पडून राहतं यालाही गुण आहेत. म्हणजे पाळीची तारीख आईच्या लक्षात नसली, तरी बाळाची ठेवण ती बरीचशी सांगते.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाची भिंत गेली आणि वर गुरुत्वाकर्षण आलं. जो हात उचलण्याची ताकदच नाही, तो गादीवर पसरून राहतो. आठवडेच्या आठवडे असं राहिलं, तर खांदे मागे ओढल्यासारखे होतात आणि हात तोंडाशी नेणं पुढे जड जातं. कवटी मऊ असते. डोकं सतत डाव्या किंवा उजव्या अंगावर राहिलं, तर ते दोन्ही बाजूंनी चपटं आणि लांबट होतं.

मग बाळाला बांधून ठेवावं का? हा प्रश्न फार जुना आहे. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य सोरेनस याने नवजात बाळाला पट्ट्यांनी कसं गुंडाळावं याच्या सविस्तर सूचना दिल्या आहेत. युरोपात ही रीत शतकानुशतकं चालली. 1748 मध्ये विल्यम कॅडोगन या इंग्रज डॉक्टरने तिच्यावर टीका केली, 1762 मध्ये रूसोनेही केली. मुलाला मोकळं सोडा, असं दोघांचं म्हणणं. पूर्ण दिवसांच्या, धडधाकट मुलासाठी ते बरोबरच होतं. पाय सरळ ताणून घट्ट बांधण्याचा तोटा तर विसाव्या शतकातही दिसला. जपानमध्ये 1975 पासून तसं न बांधण्याविषयी मोहीम झाली आणि लहान मुलांचे खुबे निखळण्याचं प्रमाण खूप घटलं. आपल्याकडेही बाळंतघरात पाय ओढून, जुळवून दुपटं आवळतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी मात्र पहिली चिंता ठेवणीची नव्हती, उबेची होती. पॅरिसच्या प्रसूतिगृहात स्तेफान तार्निए यांनी कोंबडीची पिल्लं उबवण्याच्या यंत्रावरून कल्पना घेऊन 1880 च्या सुमारास उबपेट्या बसवल्या. दोन किलोपेक्षा हलक्या बाळांचं मृत्यूचं प्रमाण तिथे 66 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर आल्याचं नोंदलेलं आहे. मृत्यू इतके असताना खांदा कुठल्या कोनात आहे हे कोण पाहणार!

ठेवणीकडे लक्ष गेलं ते श्वासामुळे. 1979 मध्ये अमेरिकेत रिचर्ड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आळीपाळीने उताणं आणि पालथं ठेवून रक्तातला प्राणवायू मोजला. पालथं ठेवल्यावर त्याचा दाब सरासरी 15 टक्क्यांनी जास्त भरला. कारण समजायला सोपं आहे. या बाळांच्या बरगड्या कूर्चेसारख्या लवचीक असतात. श्वास घेताना पोट फुगतं, पण छाती उलट आत खेचली जाते. पालथं ठेवल्यावर छातीला खालून आधार मिळतो आणि दोघांची चाल जुळते. अतिदक्षता विभागात आजही बाळाला पालथं ठेवतात, पण तिथे प्रत्येक ठोका आणि श्वास यंत्र मोजत असतं.

या गोष्टीची दुसरी बाजू दुःखद आहे. धडधाकट बाळांनाही घरी पालथं झोपवा, असा सल्ला पाश्चात्त्य देशांत 1950 च्या दशकापासून पसरत होता. डॉ. स्पॉक यांच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या त्या दशकातल्या आवृत्तीतही तो आला. उलटी झाली तर उताणं बाळ गुदमरेल, असा तर्क होता. तर्क पटण्याजोगा होता, पण तो तपासलेला नव्हता. झोपेत अचानक मरण पावणारी मुलं बहुधा पालथी आढळत होती. न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये 1991 मध्ये, अमेरिकेत 1994 मध्ये ‘बाळाला उताणं झोपवा’ अशा मोहिमा सुरू झाल्या आणि हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. 2005 मध्ये रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र मांडून दाखवलं, की 1970 पर्यंतचे आकडे कोणी नीट बेरजेला घेतले असते, तर धोका तेव्हाच दिसला असता. त्यांच्या अंदाजाने युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलेशियात मिळून किमान 50 हजार मुलं वाचली असती.

माझ्या बहिणीची मुलगी 31 आठवड्यांची जन्मली. रुग्णालयात परिचारिका तिला पालथं ठेवत, भोवती दुपट्यांच्या गुंडाळ्यांचं घरटं करत. पाच आठवड्यांनी घरी पाठवताना औषधांचा कागद मिळाला, पण झोपवायचं कसं हे कोणीच सांगितलं नाही. बहीण अर्थातच पाहिलं तसंच करू लागली. दोष तिचा कसा म्हणायचा? बाळ साधारण 32 आठवड्यांचं झालं आणि प्रकृती स्थिर असली, की दवाखान्यातच त्याला उताणं झोपण्याची सवय लावावी, घरटं काढून टाकावं, असं आता सांगितलं जातं. म्हणजे घरी नेण्याआधीच आईबापांच्या डोळ्यांना ते दिसतं.

घरट्याची कल्पना रुजली ती मुख्यतः बॉस्टनच्या हायडेलिझ आल्स यांच्यामुळे. 1982 मध्ये त्यांनी मांडलं, की हे बाळ गप्प पडलेलं दिसलं तरी बोलत असतं. बोटं फाकणं, पाठ कमान करणं, रंग बदलणं म्हणजे त्रास होतोय. हात तोंडाशी नेणं, पाय कशाला तरी टेकवणं म्हणजे ते स्वतःला सावरतंय. पाय टेकवायला काहीतरी हवं, म्हणून घरटं. टाचेतून रक्त घेताना हातपाय जवळ घेऊन तळव्यांनी धरलं तर बाळ कमी रडतं, ठोके लवकर पूर्ववत होतात, हे 1995 मध्ये मोजून दाखवलं गेलं. आल्स यांच्या संपूर्ण पद्धतीमुळे मुलांच्या पुढच्या वाढीत किती फरक पडतो, यावर मात्र एकमत नाही. 2013 मध्ये सगळे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा दीर्घकाळ टिकणाऱ्या फायद्याचा पुरावा मिळाला नाही. मला स्वतःला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. वेदना कमी होणं हाही परिणामच आहे.

सर्वांत भक्कम पुरावा मिळाला तो वेगळ्याच ठेवणीला. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, गर्दीने आणि संसर्गाने जेरीस आलेल्या सरकारी प्रसूतिगृहात एका पेटीत दोन-दोन बाळं ठेवावी लागत. डॉ. एदगार रेय सानाब्रिया यांनी बाळाला आईच्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून, उभं बांधायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी डॉ. एक्तोर मार्तिनेझ त्यांना येऊन मिळाले. कांगारूची आठवण व्हावी अशीच ही ठेवण. डोकं एका अंगाला वळवलेलं, हनुवटी किंचित वर म्हणजे श्वासनलिका मोकळी, मांड्या दुमडून बाजूला, हात छातीशी. वर पाहिलेल्या अडचणी आठवा. भिंत, ऊब आणि छातीखालचा आधार, तिन्ही इथे एकदम मिळतात. बराच काळ ही पद्धत गरिबांची तडजोड मानली गेली. 2021 मध्ये घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यांपैकी एक. 1 ते 1.8 किलो वजनाच्या 3,211 बाळांपैकी निम्म्यांना जन्मानंतर लगेच, उरलेल्यांना प्रकृती स्थिर झाल्यावर आईजवळ दिलं. 28 दिवसांतले मृत्यू पहिल्या गटात 12 टक्के, दुसऱ्यात 15.7 टक्के होते. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला.

भाचीसाठी आमच्या आईने मोहरीची उशी शिवली होती, डोकं गोल व्हावं म्हणून. तिची काळजी खोटी नव्हती, डोकं खरंच चपटं दिसत होतं. पण झोपलेल्या तान्ह्या बाळाजवळ उशी नको, मोहरीचीही नको. त्याऐवजी बाळ जागं असताना, आपण समोर बसून, त्याला थोडा वेळ पालथं ठेवायचं आणि झोपवताना डोकं आज या अंगाला तर उद्या त्या अंगाला वळवायचं. आईने एकदा विचारलं, दवाखान्यात पालथं चालतं आणि घरी नाही, असं कसं? तिला ठोके मोजणाऱ्या यंत्राविषयी सांगितल्यावर तिने उशी उसवली आणि मोहरी फोडणीच्या डब्यात ओतली.