अस्माराच्या विटा

समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरांहून उंच वसलेल्या एरिट्रियाच्या अस्मारा नगरीत आम्ही पोहोचलो, तेव्हा रोझरी मातेच्या चर्चच्या विटांच्या मनोऱ्यावर प्रथम दृष्टी खिळली. १९२३ साली पूर्ण झालेले हे मंदिर इटालियन वसाहतकाळातले. विमानाप्रमाणे पंख पसरलेला फियाट टालिएरो पेट्रोलपंप १९३८ चा. त्याच सुमारास मुसोलिनीच्या राजवटीने येथे वंशभेदाचे कायदे लादले. ज्या एरिट्रियन मजुरांनी नगर उभारले, त्यांनाच गोऱ्यांच्या वस्तीत राहण्यास मज्जाव झाला! १९४१ मध्ये इटालियन सत्ता गेली. नगर मात्र एरिट्रियन जनतेने जपले. २०१७ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मंदिराची भव्यता न्याहाळताना विटा वाहणाऱ्या त्या अनामिक हातांचेही स्मरण आपल्या प्रार्थनेत असावे, असे आम्हांस वाटते.