दहा दिवस बांधलेलं कुत्रं

आमच्या माणदेशात कुत्रं कुणी विकत आणत नसे. मेंढरं राखणारी धनगराची कुत्री तेवढी मोलाची, त्यांची पैदास धनगर जपायचे. बाकी सगळी गावठी. एखादं पिल्लू वस्तीवर कुठनं तरी यायचं, खरकट्यावर वाढायचं, रात्री भुंकायला लागायचं आणि हळूहळू त्या घराचं होऊन जायचं. नाव ठरलेलं. मोत्या, नाहीतर वाघ्या.

पण तेच कुत्रं कुणाला चावलं, की घटकाभरात बेवारशी व्हायचं. "आमचं न्हवंच ते. येतंय आपलं दारात." असं म्हणणारा माणूस कालपर्यंत त्याच कुत्र्याच्या जिवावर दार उघडं टाकून झोपलेला असे. म्हणून चावडीत असा तंटा आला, की जाणती माणसं एकच प्रश्न आधी टाकायची, "भाकरी कोण घालतंय?" त्याचं उत्तर आळीतल्या पोरासोरांना ठाऊक असे, त्यामुळं खोटं बोलायची सोय नव्हती. भाकरी घालणारा तो धनी. गंमत अशी, की १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं २८९ वं कलमही याच वळणाचं होतं. जनावर ज्याच्या ताब्यात आहे आणि त्यापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून ज्यानं बंदोबस्त ठेवला नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ताबा म्हणजे काय, हे आमच्या लोकांनी भाकरीवरून ठरवलं होतं, एवढंच.

धनी ठरला, की दुसरी मागणी यायची. "कुत्रं मारा." चावलेल्याच्या घरचे काठ्या, कुऱ्हाडी घेऊन निघायचे. यात राग असे तसं भयही असे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानं माणूस कसा जातो, ते प्रत्येक गावात कुणी ना कुणी पाहिलेलं होतं. पाण्याचा तांब्या समोर धरला, की घसा आवळायचा, वारं अंगावर आलेलं सोसायचं नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात या विषाचं वर्णन आहे आणि रोग्याला पाण्याची भीती वाटू लागली, की तो वाचत नाही, हेही तिथं स्पष्ट लिहिलेलं आहे. इतक्या शतकांनंतर, दवाखाने आले तरी, लक्षणं दिसू लागल्यावरची गोष्ट जवळजवळ तीच राहिली. जे काही करायचं ते त्याच्या आधी.

आधी करायचं म्हणून लोक काय करायचे? जखमेत तिखट भरायचे. चुना लावायचे. कुणी मांत्रिकाकडं जायचं. जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं चांगली पंधरा मिनिटं धुवावी, ही साधी गोष्ट आमच्याकडं पोचायला फार उशीर लागला. पाण्याची टंचाई असलेल्या मुलखात पंधरा मिनिटं पाणी ओतायचं, हे पटायलाही जड होतं.

कुत्रं मारायला सगळेच तयार होत असं मात्र नाही. आमच्या बहुतेक घरांचं कुलदैवत खंडोबा आणि खंडोबाबरोबर कुत्रं असतंच. देव्हाऱ्यातल्या टाकावर घोडा, शेजारी कुत्रं. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, "देवाचं जनावर हाय, हात लावू नगा." मग चोरून मारलं जायचं, नाहीतर पोत्यात घालून लांबच्या शिवारात सोडलं जायचं. तिथं ते आणखी कुणाला चावलं, तर त्या गावाचं नशीब.

हे सगळं बदललं ते सुईमुळं, आणि ती सुई आमच्यापर्यंत पोचायची हकिकत लांबची आहे. ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये लुई पाश्चरनं जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली. हिंदुस्थानात अशी संस्था १९०० साली कसौलीला निघाली, १९०७ मध्ये दक्षिणेत कुन्नूरला. आता कसौली म्हणजे काल्काच्या पुढं डोंगरावर. आमच्या मुलखातल्या कुणब्यानं चावलेला पोर घेऊन तिथं जायचं, तर पोचेपर्यंतच किती दिवस गेले असते आणि पैसा कुठनं आणला असता? खरा फरक पडला तो त्याच कसौलीत डेव्हिड सेंपल यानं १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेल्या, कार्बोलिक आम्लानं विषाणू मारलेल्या लशीमुळं. ही लस बाटलीत भरून बाहेर पाठवता यायची. आधी ती मोठ्या शहरांत आली, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला. मुंबईच्या हाफकिनमध्येही ती पुढं तयार होऊ लागली. पोटात चौदा सुया म्हणून आपल्या आईबापांनी जिची धास्ती घातली, ती हीच. रोज एक, पोटाच्या कातडीखाली. क्वचित कुणाला या लशीनंच लुळेपणा यायचा, म्हणून डॉक्टरही ती उगाच देत नसत.

आणि इथंच कुत्र्याचा भाव पालटला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रोग उतरतो तो त्याला लक्षणं दिसायच्या थोडेच दिवस आधी, आणि लक्षणं दिसल्यावर ते लवकरच मरतं. म्हणजे चावल्यापासून दहा दिवस कुत्रं धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रोग नव्हता. मग उरलेल्या सुया थांबवता येत. कालपर्यंत ज्याला ठेचायला निघायचे, ते कुत्रं आता जिवंत हवं होतं, आणि ते हवं होतं चावलेल्या माणसाला. मारलं, तर चौदाच्या चौदा सुया पोटात.

आमच्या आळीत हे पहिल्यांदा घडलेलं मी पाहिलं ते १९७७-७८ च्या आसपास. थोरलं घर आणि धाकटं घर, एकाच आज्याची नातवंडं, मधे एक भिंत आणि रानात एक बांध. बांध कुणी किती कोरला यावरून चार वर्षं येणंजाणं बंद होतं. एका सकाळी धाकट्या घरची वहिनी आडावरून हंडा घेऊन येत असताना थोरल्या घरच्या वाघ्यानं तिची पोटरी धरली. हंडा पडला, माणसं जमली. पहिली पाच मिनिटं कुत्र्याबद्दल बोलणं झालं असेल. पुढं सगळा बांधच. "बांध खाल्ला, आता माणसं खायला कुत्री सोडलीत व्हय?" "तुमच्या पोरांनी त्याला धोंडं मारलं नसतं तर कशाला चावलं असतं?" कुत्रं चावलं पोटरीला, आणि दुखणं निघालं रानातलं.

पोलीस पाटील आले. मुलकी पाटीलकीची वतनं १९६३ पासून गेली होती आणि १९६७ च्या कायद्यानं पोलीस पाटील सरकारी नेमणुकीचे झाले होते, तरी लोकांच्या लेखी पाटील तो पाटीलच. त्यांनी आधी वहिनीला एसटीनं तालुक्याला धाडलं. संध्याकाळी ती पहिली सुई घेऊन, डॉक्टरांचा निरोप घेऊन परत आली. कुत्रं बांधा, मारू नका, दहा दिवस बघा.

आता प्रश्न असा, की बांधायचं कुठं? धाकट्या घराचा विश्वास नव्हता. थोरल्या घरचे आबा रातोरात कुत्रं सोडून देतील, मेलं तर पुरून टाकतील आणि तशाच रंगाचं दुसरं आणून बांधतील, असं ते उघड बोलून दाखवत होते. आबांना उलटी भीती. कुत्रं परक्या दारात बांधलं आणि त्यांनी विष घातलं तर? पाटलांनी दोन्ही ऐकून घेतलं. ठरलं ते असं. कुत्रं आबांच्याच गोठ्यात साखळीला राहील. धाकट्या घरचा एक माणूस रोज सकाळ-संध्याकाळ येऊन ते बघून जाईल, त्याच्यापुढं कुत्र्यानं भाकरी खाल्ली पाहिजे, पाणी प्यालं पाहिजे. वहिनीचं एसटीचं भाडं आबा देतील. शिवाय ती रोजगार हमीच्या कामावर जात होती, तो बुडालेला रोजही आबांनी भरायचा. कागद झाला नाही. पाच माणसं साक्षीला होती.

मला या निवाड्याचं आजही कौतुक वाटतं. पाटलांनी कुणाचा दोष ठरवायच्या भानगडीत न पडता दहा दिवसांचं काम तेवढं वाटून दिलं. धोंडे मारले का, बांध कोरला का, यात शिरले असते तर वहिनीची दुसरी सुई चुकली असती.

पहिले दोन दिवस धाकट्या घरचे अण्णा गोठ्याच्या दारात उभे राहायचे, कुणाशी न बोलता बघायचे आणि जायचे. तिसऱ्या दिवशी कुत्र्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. दोन्ही घरांचा जीव टांगणीला. आबा आणि अण्णा दोघंही रात्री कंदील घेऊन गोठ्यात बसले होते, ही गोष्ट नंतर कळली. कुत्र्याला सवय नव्हती बांधून राहायची, बस्स. पहाटे ते पाणी प्यालं. सहाव्या की सातव्या दिवशी आबांच्या घरच्या म्हातारीनं अण्णांपुढं चहाची कपबशी ठेवली. अण्णांनी घेतली. दहा दिवस झाले, डॉक्टरांनी चार सुया वाचवल्या. भाड्याचे पैसे आबांनी दोन बाजारांत फेडले. वाघ्याला मात्र त्यांनी दारात ठेवलं नाही. मेंढरं बसवायला आलेल्या धनगराबरोबर तो गेला.

समेट झाला असं कुणी समजू नये. बांधाचा दावा पुढं तालुक्याला कितीतरी वर्षं चालला. पण येणंजाणं सुरू झालं ते झालंच.

मेंढीच्या मेंदूची ती लस आपल्याकडं २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात पाच सुया, त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेतच आणखी एक औषध भरतात. कुत्रं बघत थांबायचं आणि मग सुई घ्यायची, असं कुणी करू नये. सुई लगेच, कुत्र्यावर नजर बरोबरीनं. २८९ कलमाच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९१ आलं, दंड पाच हजारांपर्यंत गेला. १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिच्या समितीपुढंही असे तंटे येऊ लागले. पण आता पोरं आधी मोबाईलवर चित्रण करतात, जखम नंतर धुतात. कुत्रीही बदललीत. शहरातून आणलेली, पट्टेवाली, टोचलेली आहेत असं धनी छातीठोक सांगतो. कार्ड मागितलं की घरात शोधायला जातो.

मागच्या वर्षी आळीत असंच एक प्रकरण झालं. आता पोलीस पाटील एक बाई आहेत, पदवी झालेल्या. दोन्हीकडचे तावातावानं बोलत होते, ठाण्यात जायची भाषा चालली होती. बाईंनी आधी विचारलं, "जखम धुतली का?" मग विचारलं, "कुत्रं कुठाय? बांधलंय का?"