जीर्णोद्धार
‘जीर्ण’ म्हणजे झिजलेले आणि ‘उद्धार’ म्हणजे वर काढणे, इतकी फोड करून कोशकार मोकळे होतात. परंतु अग्निपुराणातील विधान पाहिले म्हणजे ध्यानात येते, की जीर्ण काष्ठमूर्ती अग्नीला द्यावी, पाषाणाची वस्त्राने झाकून, यानात घालून, वाजतगाजत अगाध जलात सोडावी आणि त्याच मापाची, त्याच द्रव्याची नवी स्थापावी, असा हा विधी डागडुजीपेक्षा उत्तरक्रियेच्याच अधिक जवळचा होता. विहिरी-तळ्यांच्या जीर्णोद्धारालाही तेथे महाफल सांगितले आहे. अहिल्याबाई होळकरांनी खासगीच्या वसुलातून १७८०च्या सुमारास काशीस विश्वेश्वराचे आणि १७८३मध्ये सोमनाथाचे देऊळ उभारले, ते दोन्ही मूळ जागा सोडून, किंचित बाजूला. तरीही आपण त्यास जीर्णोद्धारच म्हणतो, आणि माझ्या मते ते यथार्थच आहे.