पिंपळखुट्याची रात्र

१ जुलै २०२३ रोजी पहाटे दीडच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळील पिंपळखुटा येथे, समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्यास निघालेली खासगी बस उलटून पेटली. २५ जण दगावले, ८ वाचले. २०१४ पासून महाराष्ट्रात धावणाऱ्या '१०८' रुग्णवाहिकेवरील सेवकाला शिकविलेले असते ते जिवंतांसाठी: श्वास, नाडी, रक्तस्राव. येथे उरले होते बहुतांशी ओळख न पटणारे देह. दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात २४ देहांना एकत्रच अग्नी देण्यात आला.

वाचविण्यासाठी धावावे आणि हाती मृतदेहच यावेत, हे ओझे उतरवायचे कुठे? प्रश्न जुना आहे. सोळाव्या शतकात रोममध्ये संत कामिलस यांनी रुग्णसेवकांचा संघ स्थापिला. प्लेगच्या साथीतही रुग्णास न सोडण्याचे व्रत हे सेवक घेत. १५८६ पासून त्यांच्या झग्यावर तांबडा क्रूस आला. बरा न होणारा रुग्णही त्यांनी आपलाच मानला. मरणाऱ्याच्या उशाशी बसणे, ही त्यांच्या लेखी अपयशाची नव्हे, सेवेचीच घटका होती. खुद्द कामिलस यांच्या पायाची जखम अखेरपर्यंत भरली नाही.

म्हणून 'मन खंबीर ठेवा' एवढा उपदेश आम्हांला अपुरा वाटतो. (उपदेश आम्हां धर्मगुरूंना फार स्वस्त पडतो!) अशा रात्रीनंतर सेवकाला दुसऱ्याच दिवशी पाळीवर बोलावू नये, त्याचे ऐकून घेणारे कोणी त्याच्याजवळ असावे. प्रार्थना त्यानंतर, ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे.