बंदीच्या सावलीत 'वरदाभाई' कसा मोठा होतो?

मंडळी, दारूबंदीचा विषय आपल्या ब्रह्मपुरीत कधी जुना होत नाही. वैनगंगा ओलांडली की वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा. तिथं १९९३ पासून बंदी. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला लागली, २०२१ मध्ये उठली. म्हणून आज मुंबईच्या एका हमालाची गोष्ट सांगतो.

वरदराजन मुदलियार. जन्म १९२६, गाव तमिळनाडूतलं तुतिकोरीन. पोटासाठी मुंबईत आला आणि व्हीटी स्टेशनवर ओझी वाहू लागला. १९४९ मध्ये मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला, मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. पुढं पैसेवाल्यांना तब्येतीच्या कारणावर परमिट मिळायचं. कामगाराला मात्र हातभट्टीच. ही गरज वरदानं ओळखली. धारावी, अँटॉप हिल भागातल्या भट्ट्यांच्या धंद्यात तो उतरला आणि बघता बघता त्याचा 'वरदाभाई' झाला.

पण नुसत्या दारूनं माणूस एवढा मोठा होत नाही. झोपडपट्टीत पाणी नव्हतं, वीज नव्हती, रेशनकार्ड मिळत नव्हतं. सरकार पोचलं नाही तिथं वरदा पोचला. भांडणंही तोच मिटवायचा. माटुंग्याचा त्याचा गणपती तर मुंबईभर गाजला. लोकांना वाटायचं, हा आपला माणूस. त्याच दारूनं घरं बसत होती, हे कोण बोलणार?

ऐंशीच्या दशकात पोलीस अधिकारी वाय. सी. पवार यांनी त्याचे अड्डे मोडून काढले. वरदा मद्रासला पळाला आणि जानेवारी १९८८ मध्ये तिथंच वारला. पण तोवर त्याच्या आयुष्यावर बेतलेला 'नायकन' सिनेमा येऊन गेला होता. पडद्यावर तो हिरोच झाला.

आता आपल्याकडं या. २०१० मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या बायका दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. त्यांची मागणी खोटी नव्हती, घरातला मार त्यांनीच खाल्ला होता. बंदी आली, पण नोव्हेंबर २०१८ मध्ये शेजारच्या नागभीड तालुक्यात दारू तस्करांची गाडी अडवायला गेलेले पोलीस उपनिरीक्षक छत्रपती चिडे यांना त्या गाडीनं चिरडलं. बंदीतला पैसा माणसाला कुठवर नेतो, ते आपण आपल्या दारात पाहिलं.

बंदी असावी की नसावी, यावर खुशाल वाद घाला. पण बंदी लावून सरकार घरी बसलं, की मधली जागा कुणीतरी भरतोच. आज पेटी पोचवणारं पोरगं वरदा नाही, ते बेरोजगार आहे. धान कापून झालं की त्याच्या हाताला काम काय, हा प्रश्न पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला नक्की विचारा. मग तो बंदीच्या बाजूचा असो की विरोधातला.