जुन्या चित्रांवर नवा ठसा : अभिजात चित्रकृती आणि स्क्रीन प्रिंट

लिओनार्दो दा विंची यांचे ‘मोनालिसा’ हे चित्र १९६२ च्या अखेरीस पॅरिसहून अमेरिकेत आणण्यात आले. प्रथम वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते पाहण्यासाठी प्रचंड गर्दी लोटली. १९६३ मध्येच अँडी वॉरहॉल यांनी या चित्राच्या तीस कृष्णधवल प्रतिमा एकाच कॅनव्हासवर ओळीने छापल्या आणि त्या कृतीला नाव दिले ‘थर्टी आर बेटर दॅन वन’, अर्थात एकापेक्षा तीस बऱ्या.

या विनोदामागे एक गंभीर निरीक्षण होते. जगातील बहुतेकांनी अभिजात चित्रे पाहिलेली असतात ती पुस्तकांत, पोस्टकार्डांवर, दिनदर्शिकांवर. मूळ चित्र एक असते. त्याची ओळख मात्र प्रतींतून होते. मराठी घरांना हा अनुभव नवा नाही. राजा रविवर्मा यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या त्या १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यामुळे. तेथील तंत्र शिळाछपाईचे होते. पाश्चात्त्य कलावंतांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती घेतले ते स्क्रीन प्रिंट.

तंत्र कसे चालते?

लग्नपत्रिका आणि टी-शर्ट छापणाऱ्या दुकानांत आजही वापरले जाणारे हेच ते तंत्र. चौकटीवर रेशमाची किंवा पॉलिस्टरची बारीक जाळी ताणून बसवतात आणि तिच्यावर प्रकाशसंवेदी द्रव्याचा थर देतात. छायाचित्राची पारदर्शक फिल्म त्यावर ठेवून प्रकाश सोडला की उजेड लागलेला भाग कडक होतो. झाकलेला भाग पाण्याने धुऊन निघतो. मग रबरी पट्टीने शाई ओढली की ती मोकळ्या छिद्रांतून कागदावर उतरते. साधारणतः प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र जाळी लागते. रंग बदलणे, एक ठसा किंचित सरकवून दुसऱ्यावर छापणे किंवा चित्राचा एकच तुकडा उचलणे या तंत्रात सहज जमते. पुनर्व्याख्येला वाव मिळतो तो येथेच.

वॉरहॉल यांची निवड

१९८४ मध्ये वॉरहॉल यांनी ‘डिटेल्स ऑफ रेनेसान्स पेंटिंग्ज’ ही मुद्राचित्रमालिका केली. बॉत्तिचेल्ली यांच्या ‘व्हीनसचा जन्म’ या चित्रातून त्यांनी केवळ देवीचा चेहरा आणि उडणारे केस घेतले. शिंपला, समुद्र आणि वारा वगळल्यावर उरली ती एखाद्या सिनेतारकेची छबी. लिओनार्दो यांच्या ‘अनन्सिएशन’मधून त्यांनी देवदूत आणि मेरी या दोन्ही मुख्य व्यक्तींचे चेहरे वगळले, कडांना त्यांचे हात तेवढे राहिले आणि मधला दूरचा डोंगर चित्राचा विषय झाला. प्रतींच्या गर्दीत नजरेआड झालेला मूळ चित्राचा एक कोपरा कातरकामामुळे पुन्हा दिसू लागला.

त्यांचा अखेरचा मोठा प्रकल्प ‘लास्ट सपर’चा. कलाव्यापारी अलेक्झांडर आयोलास यांच्या सांगण्यावरून केलेल्या या कृती जानेवारी १९८७ मध्ये मिलानला, लिओनार्दो यांचे भित्तिचित्र असलेल्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिये या वास्तूसमोरच प्रदर्शित झाल्या. मूळ भित्तिचित्र तेव्हा खूपच झिजलेले होते आणि त्याचे जतनकार्य सुरू होते. वॉरहॉल यांनी आधार घेतला तो मूळ चित्राचा नव्हे, तर त्याच्या प्रचलित प्रतिकृतींचा. त्यांपैकी ‘सिक्स्टी लास्ट सपर्स’मध्ये तेच दृश्य साठ वेळा उमटते. प्रदर्शनानंतर काही आठवड्यांतच, २२ फेब्रुवारी १९८७ रोजी, त्यांचे निधन झाले.

इतरांची उत्तरे

रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी १९६२ च्या ‘क्रोकस’मध्ये वेलास्केझ यांची आरशात पाहणारी व्हीनस लष्करी ट्रकच्या शेजारी छापली. रॉय लिक्टेनस्टाइन यांनी १९९२ मध्ये क्लोद मोने यांची कमळे पोलादी पत्र्यावर स्क्रीन प्रिंटने उतरवली. तेथे पाण्याच्या जागी चकाकणारा धातू आहे. पाहणाऱ्याच्या हालचालीनुसार त्याची चमक बदलते.

मिकलीन थॉमस यांचा प्रश्न अधिक थेट आहे. गुस्ताव्ह कूर्बे यांनी १८६६ मध्ये निद्रिस्त अवस्थेतील दोन गौरवर्णी स्त्रिया चितारल्या होत्या. थॉमस यांनी ‘स्लीप : दू फाम न्वार’मध्ये त्याच मांडणीत दोन कृष्णवर्णीय स्त्रिया आणल्या. स्क्रीन प्रिंट, काष्ठठसा आणि डिजिटल छपाई यांचा संगम असलेल्या या कृतीत मांडणी ओळखीची राहते. सौंदर्याच्या इतिहासातून कोण वगळले गेले, हे त्या ओळखीमुळेच जाणवते.

चित्र कोणाचे?

शतकांपूर्वीच्या चित्रकारांचा स्वामित्वहक्क आज कोणाकडे नसतो. छायाचित्रांची गोष्ट वेगळी. गायक प्रिन्स यांच्या छायाचित्रावर बेतलेल्या वॉरहॉल यांच्या एका कृतीच्या नियतकालिकातील वापराबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. मूळ छायाचित्र आणि ही कृती या दोहोंचा तेथील उपयोग एकच, म्हणजे प्रिन्स यांच्याविषयीच्या मजकुरासोबत छबी देणे, हा होता. केवळ नवा अर्थ दिला एवढ्याने पुरेसे होत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

इटलीत तर जुन्या चित्रांच्या व्यावसायिक वापरासाठीही सांस्कृतिक वारसा कायद्यानुसार परवानगी आणि शुल्क लागते. ‘व्हीनसचा जन्म’ कपड्यांवर छापल्याबद्दल फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयाने २०२२ मध्ये ज्याँ पॉल गोतिए या फॅशनसंस्थेविरुद्ध कायदेशीर पाऊल उचलले.

एकीकडे प्रत्येकाच्या मनात वसलेली प्रतिमा, दुसरीकडे तिच्या मालकीचे दावे, अशा पेचात आजचा मुद्राचित्रकार काम करतो. त्याची कृती पाहताना रंग किती भडक आहेत, यापेक्षा मूळ चित्रातले काय ठेवले आणि काय गाळले, हे पाहावे. त्याचे म्हणणे बहुतेकदा त्या निवडीतच असते.