तुमचा आयडी संपणार आहे म्हणे!

परवा बाबांच्या फोनवर मेसेज आला. आजच केवायसी केलं नाही तर म्हणे खातं बंद. बाबा घाबरले, आणि मला १९९९ सालची गोष्ट आठवली. आज तीच सांगतो.

तेव्हा अमेरिकेत ईबे ही लिलावाची वेबसाइट जोरात होती. घेणारा अनोळखी, विकणाराही अनोळखी. मग भरवसा कसा ठेवायचा? म्हणून प्रत्येक सदस्याच्या आयडीपुढे त्याच्या फीडबॅकचा आकडा दिसायचा. शिवाय नोंदणी केलेल्यांना एकमेकांचे ईमेल पत्तेही मिळायचे. व्यवहार करायचा तर ते हवंच होतं. अट एकच होती, ती माहिती नको असलेल्या जाहिराती पाठवायला वापरायची नाही.

मग रिव्हर्सऑक्शन डॉट कॉम नावाची नवी स्पर्धक कंपनी आली. तिने कुठलंही कुलूप फोडलं नाही. ईबेवर साधी नोंदणी केली, अटी मान्य केल्या आणि सदस्यांचे आयडी, ईमेल, फीडबॅकचे आकडे गोळा केले. नंतर त्याच लोकांना ईमेल पाठवले. विषयाच्या ओळीत काय, तर तुमचा ईबे आयडी लवकरच संपणार आहे. साफ खोटं! पण ज्याला आपला आयडी माहीत आहे, त्याच्यावर शंका कोण घेणार? आपली माहिती ईबेनेच दिली असावी, असंही लोकांना वाटू शकत होतं.

प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे गेलं. जानेवारी २००० मध्ये तडजोड झाली. असं पुन्हा करायचं नाही, आणि ईमेल मिळूनही ज्यांनी नव्या साइटवर नोंदणी केली नाही त्यांची माहिती पुसून टाकायची, असं ठरलं.

मला यातली खरी गोम अशी वाटते, की खोटं पटवायला चोरलेला पासवर्ड लागत नाही. भरवशासाठी मांडून ठेवलेली माहितीच पुरते.

आपल्याकडे २०२३ साली डेटा संरक्षणाचा कायदा झाला. पण आपण स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला तो लागूच होत नाही! तेव्हा जुनी बाइक विकायला टाकताना नंबर सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा की ॲपमधल्या चॅटवर बोलायचं, ते आधी ठरवा. आणि ‘बंद होणार’ असा मेसेज आला, तर त्यातली लिंक दाबू नका. स्वतः ॲप उघडून बघा. बाबांनीही तेच केलं. खातं चालूच होतं.

चला, भेटू पुढच्या भागात!